फळबागेतील लाल कोळी

जून संपून जुलै उजाडला, की सफरचंदाच्या भरलेल्या बागेत एखाद्या ओळीतील झाडे एकाएकी वेगळी दिसू लागतात. पानांचा हिरवेपणा ओसरतो. प्रथम त्यांच्यावर बारीक पांढुरके ठिपके उमटतात आणि मग सारे पान तांबूस-करडे, धुळीने माखल्यासारखे होते. बागाईतदाराला वाटते, पाणी कमी पडले. परंतु असे एखादे पान खुडून त्याची पाठ भिंगाखाली धरली म्हणजे खरा प्रकार ध्यानात येतो. शिरांच्या कडेने तांबडे, पिवळट, हिरवट जीव शेकड्यांनी फिरत असतात. त्यांच्या आगेमागे काचेच्या मण्यांसारखी वाटोळी अंडी आणि टाकून दिलेल्या कातींचा पांढरा कचरा पसरलेला असतो. ह्या जीवांची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडील शेतकरी त्यांना लाल कोळी म्हणतात.

हे नाव समर्पकच आहे. हा जीव कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, ह्याला आठ. घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी, विंचू आणि गोचीड ह्यांच्या गोतावळ्यातला तो आहे. त्याला पंख नाहीत. पण कित्येक जातींना रेशमासारखा धागा काढता येतो, आणि त्या धाग्याच्या आधाराने तो वाऱ्यावर तरंगत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. तोंडातील सुईसारखे अवयव पानाच्या पेशीत खुपसून आतला रस हरितद्रव्यासह शोषून घेणे, हा त्याचा उद्योग. रिकामी झालेली पेशी पांढरी दिसते, आणि अशा हजारो पेशी मिळून पानाला ती तांबूस-करडी कळा येते. पान मरत नाही, पण अन्न तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. फळ लहान राहते, त्याला रंग चढत नाही, आणि पुढल्या वर्षीच्या फुलांचे डोळेही नीट भरत नाहीत. म्हणजे यंदाच्या कोळ्याचे देणे पुढल्या हंगामातही फेडावे लागते.

त्याच्या वाढीचा वेग हा तर स्वतंत्रच विषय आहे. कडक उन्हाच्या दिवसांत अंड्यापासून प्रौढ अवस्थेपर्यंतचा सगळा प्रवास आठदहा दिवसांत पुरा होतो, आणि एक मादी आपल्या अल्प आयुष्यात शंभराच्या घरात अंडी घालू शकते. नराशी मिलन झालेले नसले तरी तिची अंडी उबतात. मात्र त्यांतून निघतात ते सगळे नर. ह्या नरांच्या अंगी गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे विषाला दाद न देण्याचा गुण एखाद्यात अकस्मात उपजला, तर तो दुसऱ्या संचाआड झाकून राहत नाही. त्याच पिढीत तो कसाला लागतो, टिकतो आणि पसरतो. फळे, भाज्या, फुले ह्या सर्वांवर आढळणाऱ्या दोन ठिपक्यांच्या कोळ्याने आजवर नव्वदांहून अधिक कीडनाशक द्रव्यांना प्रतिकार केल्याची नोंद आहे. अशा शत्रूला विषाचा मारा करून संपवता येईल, ही आशा मुळातच फोल होती. परंतु ती फोल आहे हे कळायला बरीच वर्षे जावी लागली, आणि ते कसे कळले ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सफरचंदाच्या बागांत लाल कोळी होता, पण तो बागेचा मालक नव्हता. इंग्लंडमध्ये १९२० नंतर हिवाळ्यात निष्पर्ण झाडांवर डांबरापासून काढलेल्या तेलाचे फवारे मारण्याची चाल पडली. त्या फवाऱ्यांनी माव्याची आणि इतर किडींची अंडी मेली, खोडावरचे शेवाळ व दगडफूल नाहीसे झाले, झाडे धुतल्यासारखी स्वच्छ दिसू लागली, आणि थोड्याच वर्षांत लाल कोळ्याचा उपद्रव वाढला. कोळ्याची अंडी त्या तेलाला दाद देत नव्हती. सालीच्या भेगांत आणि शेवाळात हिवाळा काढणारे त्याचे वैरी मात्र मरत होते. ही सूचना तेव्हा थोड्यांनीच मनावर घेतली.

पुढे १९३९ मध्ये पाउल म्युलर ह्या स्विस रसायनशास्त्रज्ञांना डी. डी. टी.च्या अंगचे कीटकनाशक गुण आढळले, आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. महायुद्ध संपताच हे द्रव्य फळबागांत शिरले. सफरचंद आतून पोखरणारी कॉडलिंग पतंगाची अळी ही अमेरिकेतील बागाईतदाराची जुनी डोकेदुखी. तोवर तिच्यासाठी शिशाचे आर्सेनेट फवारीत असत, डी. डी. टी.पुढे ते अगदीच दुबळे ठरले. अळी मेली. बागाईतदार खूष झाले. आणि त्यामागोमाग बागांतून पाने तांबूस पडू लागली. मग कोळ्यासाठी वेगळे विष शोधावे लागले. ते दोनचार वर्षे चालले, नंतर चालेनासे झाले, म्हणून दुसरे आले, तिसरे आले. अळीवरच्या औषधाने जो रोग जडला त्याच्यावर औषध, आणि त्या औषधाचा गुण ओसरला म्हणून आणखी औषध, असा हा खर्चाचा रहाट फिरू लागला.

हा रहाट थांबवता येईल असे ज्या थोड्या लोकांना लवकर दिसले, त्यांत कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील ए. डी. पिकेट हे होते. अ‍ॅनापोलिसच्या खोऱ्यातील सफरचंदांच्या बागांत ते आणि त्यांचे सहकारी काम करीत. प्रत्येक फवाऱ्याने कीड किती मेली एवढेच न पाहता, त्या किडीचे शत्रू किती मेले हेही मोजावे, असा त्यांचा आग्रह होता. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी, नव्या रसायनांच्या दिग्विजयाच्या दिवसांत, ती पुष्कळांना मागासलेली वाटली. रेचेल कार्सन ह्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ ह्या ग्रंथात पिकेट ह्यांच्या कामाची गौरवाने दखल घेतली आहे.

कोळ्याचे हे शत्रू कोण? बाजरीच्या दाण्याहून लहान असा एक काळा ढालकिडा आहे. तो आणि त्याची अळी कोळ्यांवर ताव मारतात. परंतु त्याला पोटभर भक्ष्य लागते, त्यामुळे कोळी पुष्कळ वाढल्यावरच तो बागेत येतो. खरा पहारेकरी वेगळाच आहे, आणि तो स्वतःही एक कोळीच आहे. वनस्पतीचा रस पिणाऱ्या कोळ्याएवढाच लहान, अंग पेरूसारखे निमुळते व चकचकीत, रंग फिकट, पण लाल कोळी खाल्ला की पोटातून तांबूस झाक दिसते. भिंगातून पाहताना ह्या दोघांतला फरक रंगापेक्षा चालीवरून लवकर ओळखू येतो. पानाचा रस पिणारा कोळी जागच्या जागी रेंगाळतो. भक्षक कोळी पानाच्या पाठीवरून शिरेच्या कडेकडेने सारखा धावत असतो. त्याला डोळे नाहीत. पुढच्या पायांनी चाचपत, वास घेत तो भक्ष्य शोधतो.

हा भक्षक आपले भक्ष्य संपवू शकतो, ह्यात शंका नाही. प्रश्न त्यापुढचा आहे: भक्ष्य संपल्यावर भक्षकाचे काय होते? ह्या प्रश्नाचे उत्तर कॅलिफोर्नियातील कार्ल हफेकर ह्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मिळते. त्यांनी एका तबकात संत्री मांडली, मध्ये मध्ये तेवढ्याच आकाराचे रबरी चेंडू ठेवले, संत्र्यांचा बहुतेक भाग कागदाने झाकून थोडीशी साल उघडी ठेवली, आणि त्यांवर संत्र्याचा रस पिणारे सहा ठिपक्यांचे कोळी सोडले. ते वाढू लागल्यावर भक्षक कोळी सोडले. भक्षकांनी एकेक संत्रे शोधून काढले, भक्ष्याचा फडशा पाडला, आणि मग स्वतः उपाशी मेले. तबकावर दोन्ही जाती उरल्या नाहीत. मांडणी थोडी बदलून पाहिली तरी शेवट बहुधा तोच.

मग हफेकर ह्यांनी ती इवलीशी सृष्टी अधिक गुंतागुंतीची केली. संत्र्यांची संख्या १२० वर नेली, उघडी साल आणखी कमी केली, आणि भक्षकांना सहज इकडून तिकडे जाता येऊ नये म्हणून मध्ये व्हॅसलीनचे बांध घातले. भक्ष्य-कोळ्यांसाठी मात्र लहान लाकडी खुंट्या उभ्या केल्या. ह्या खुंट्यांवर चढून, धागा सोडून, हवेच्या झुळकीबरोबर ते बांधापलीकडे जाऊ शकत. भक्षकांना ही कला अवगत नव्हती. त्यांना चालतच वाट काढावी लागे. आता चित्र पालटले. एका कोपऱ्यात भक्षक भक्ष्याचा नाश करीत, तोवर दुसऱ्या कोपऱ्यात थोडे भक्ष्य वाढलेले असे. भक्षक तेथे पोहोचेपर्यंत ते तिसरीकडे गेलेले असे. भक्ष्य वाढले, मागून भक्षक वाढले, भक्ष्य घटले, भक्षक घटले, असे तीन चढउतार त्या तबकांवर झाले. दोघेही काही महिने नांदले.

संत्र्यांच्या तबकाचा हा खेळ बागाईतदाराला काय कामाचा, असे कोणी विचारील. कामाचा आहे तो असा: शेवटचा कोळी मारण्याचा हट्ट धरला, तर त्याच्यामागून पहारेकरीही जातो; आणि पुन्हा वाऱ्यावरून कोळी आला, म्हणजे त्याला अडवायला कोणी उरत नाही. बागेत थोडे कोळी राहिलेच पाहिजेत. ही गोष्ट पटायला अवघड, आणि ज्याचे पोट बागेवर आहे त्याला तर फारच अवघड. तरीही १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हजारो एकर सफरचंदांवर तिचा पडताळा पाहण्यात आला.

कोलंबिया नदीच्या काठी वेनॅची म्हणून गाव आहे. पर्वतांच्या आडोशामुळे तेथे पाऊस फार थोडा, उन्हाळा कोरडा व कडक. बागा कालव्यांच्या पाण्यावर चालतात. कोळ्याला ह्याहून सोयीचे हवामान नाही. मॅकडॅनियल कोळी ह्या जातीने तेथे उच्छाद मांडला होता, आणि एकामागून एक कोळीनाशके निकामी होत चालली होती. त्या गावच्या फळसंशोधन केंद्रात स्टॅन्ली हॉइट हे कीटकशास्त्रज्ञ काम करीत होते. काही बागांत, जेथे कोळीनाशकाचे फवारे कमी झाले होते तेथे, कोळ्यांची संख्या वाढून पुन्हा आपोआप उतरताना त्यांना दिसली. भिंग लावून पाहता त्यांना तेथे भक्षक कोळी भेटले. ही जात गॅलेंड्रोमस ऑक्सिडेंटॅलिस. हफेकर ह्यांच्या संत्र्यांवर धावला होता, तोच हा कोळी. आश्चर्याची गोष्ट अशी, की कॉडलिंग पतंगासाठी वर्षानुवर्षे फवारलेल्या ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विषाला हा भक्षकही सरावला होता. प्रतिकाराची जी शक्ती आजवर केवळ शत्रूच्या कामी आली होती, ती ह्या वेळी मित्राच्याही अंगी उतरली होती.

हॉइट ह्यांनी ह्या योगायोगाचा फायदा घेतला. कॉडलिंग पतंगावरचे विष पूर्ण बंद करणे शक्य नव्हते. पण ते कमी मात्रेत द्यायचे, भक्षकाला मारणारी द्रव्ये वर्ज्य करायची, आणि उन्हाळ्यात कोळीनाशकाचा फवारा घ्यायचाच नाही, असा त्यांचा बेत होता. त्यात एक अडचण राहिली. वसंतात भक्षक सालीखालून आणि जमिनीवरच्या पालापाचोळ्यातून बाहेर येतात तेव्हा झाडावर मॅकडॅनियल कोळी अजून पुरेसे नसतात. मग पहारेकऱ्याने खायचे काय?

ह्याचे उत्तर त्यांना ज्या जीवात सापडले, त्याला बागाईतदार कीडच समजत असत. सफरचंदाच्या पानांवर तांबेऱ्या कोळी नावाची एक जात असते. तिचे अंग चातीसारखे लांबट, पाय चारच, आणि आकार इतका लहान की नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. हा कोळीही पानाचा रस पितो, परंतु झाडाला त्याचा जाच फार थोडा. एकेका पानावर शेकडो असले तरी निरोगी झाड ते सोसते. भक्षकांना मात्र त्याच्यावर दिवस काढता येतात. म्हणून वसंतात तांबेऱ्याला मारायचे नाही. तो वाढू द्यायचा, त्याच्यावर भक्षक वाढू द्यायचे, आणि जुलैत खरा शत्रू पसरू लागला, की त्याच्या स्वागताला फौज तयार असायची. हॉइट ह्यांचा हा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील काही वर्षांत वॉशिंग्टनमधील बागाईतदारांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर उचलली, आणि कोळीनाशकांवरचा त्यांचा खर्च पुष्कळच घटला. तेथील विषाला सरावलेल्या ह्याच भक्षकांची एक तुकडी १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात नेण्यात आली. तेथल्या सफरचंदांच्या व पीचच्या बागांत ती रुजली.

युरोपातील द्राक्षमळ्यांत भक्षकाची जात वेगळी, पण युक्ती तीच, किंबहुना अधिक साधी. ज्या मळ्यात भक्षक कोळी नांदत असतात, तेथील छाटणीच्या काड्या गोळा करून त्या भक्षक नसलेल्या मळ्यांतील वेलींना बांधतात. किंवा शरद ऋतूत खोडाभोवती नमद्याच्या पट्ट्या गुंडाळतात; थंडीत भक्षक माद्या उबेसाठी त्यांत शिरतात, आणि मग त्या पट्ट्याच दुसऱ्या मळ्यात नेऊन टांगतात. एकदा स्थिरावलेला हा भक्षक परागकणांवरही गुजराण करतो. त्यामुळे बांधावरची झुडपे आणि ओळींमधले फुलते गवत ही त्याची शिधासामग्री ठरते. तण म्हणून उपटून टाकलेली वनस्पती कधी कधी आपल्याच रक्षकाच्या तोंडचा घास असते.

भक्षक सोडून देण्याची दुसरीही एक रीत आहे. ती मुख्यतः काचगृहांत व स्ट्रॉबेरीच्या शेतांत चालते. १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीत आणलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर फायटोसेयुलस पर्सिमिलिस हा तांबडा, चपळ भक्षक योगायोगाने युरोपात येऊन पोहोचला. एका दिवसात तो पाचएक प्रौढ कोळी किंवा वीसएक अंडी फस्त करतो. जाळे करून राहणाऱ्या कोळ्यांवाचून त्याचे भागत नाही, म्हणून भक्ष्य संपले की तोही संपतो, आणि पुढल्या वेळी नवे भक्षक आणून सोडावे लागतात. हॉलंडमध्ये यान कोपर्ट ह्या काकडी पिकवणाऱ्या गृहस्थांना फवाऱ्यांची औषधे सोसेनाशी झाली, तेव्हा १९६७ मध्ये ते ह्या भक्षकाकडे वळले. ह्याच देशात १९८० नंतर मॉरिस सॅबेलिस आणि मार्सेल डिके ह्यांनी केलेल्या प्रयोगांतून एक विलक्षण गोष्ट उघड झाली. कोळ्याने रस शोषलेले पान हवेत काही वायुरूप द्रव्ये सोडते, आणि त्या वासाच्या रोखाने भक्षक कोळी त्या रोपाकडे येतात. आंधळ्या शिकाऱ्याला वाट दाखवणारे ते झाडच असते.

भक्षकांना सांभाळायचे तर त्यांच्या बाजूने थोडी हवापाण्याचीही तजवीज करावी लागते. कोळ्याला धूळ आणि उष्णता मानवते. कच्च्या रस्त्याच्या कडेची झाडे आधी तांबूस पडतात हे पुष्कळांनी पाहिलेले असते. त्या रस्त्यावर पाणी शिंपडणे हाही कोळ्यावरचाच उपाय. तहानलेल्या झाडावर कोळी झपाट्याने वाढतो, आणि नत्रखताचा अतिरेक केला तर पानांतील रस त्याला अधिकच पोषक होतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जाळी तुटतात, कोळी धुऊन जातात. लाल कोळ्याची युरोपीय जात अंड्यांच्या रूपाने हिवाळा काढते. फांद्यांच्या बेचक्यांत, डोळ्यांच्या भोवती ही अंडी इतकी दाट असतात की साल तांबडी दिसते. अंडी उबण्याच्या सुमारास त्यांवर शुद्ध खनिज तेलाचा पातळ थर बसला, तर आतल्या जीवाचा श्वास कोंडतो. हा परिणाम विषाचा नव्हे, गुदमरण्याचा आहे. म्हणून इतक्या वर्षांतही कोळ्याला त्याच्यावर तोड सापडलेली नाही.

‘नैसर्गिक’ ह्या शब्दाने मात्र फसू नये. गंधक खनिजच आहे, आणि द्राक्षावरील भुरीसाठी ते पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. परंतु त्याचा मारा अनेक भक्षक कोळ्यांना सोसत नाही. एखादा पदार्थ कारखान्यातून आला की खाणीतून, ह्यापेक्षा तो पानाच्या पाठीवर कोणाला मारतो, हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

आपल्या देशात हा प्रश्न उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत वेगवेगळ्या रूपांत भेटतो. हिमाचल प्रदेशात कोटगढच्या डोंगरउतारांवर सत्यानंद स्टोक्स ह्यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेहून सफरचंदाची नवी वाणे आणून लावली, आणि त्यांतून त्या डोंगराळ प्रदेशाची सारी अर्थव्यवस्था पालटली. त्या बागांत आता युरोपीय लाल कोळी ही मोठी कीड झाली आहे. वसंतात कळ्यांची हिरवी टोके अर्धा इंच बाहेर आल्यापासून त्यांचे घट्ट झुबके होईपर्यंत, २०० लिटर पाण्यात ४ लिटर खनिज तेल मिसळून फवारण्याची रीत तेथे आहे. त्याने सॅन होजे खवलेकीड आणि कोळ्याची अंडी ह्या दोहोंचा बंदोबस्त होतो. ही वेळ साधली तर उन्हाळ्यात भक्षकांवरचा भार पुष्कळ हलका होतो.

नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागांत फेब्रुवारीचे ऊन तापू लागले की कोळी दिसू लागतो. तेव्हा मण्यांत पाणी भरत असते आणि काढणी तोंडावर आलेली असते. ह्या वेळी मारलेल्या विषाचा अंश घडांवर राहिला, तर परदेशी जाणारा माल परत फिरण्याची धास्ती. ह्या बागांतील कोळ्याची गोष्ट वेनॅचीहून फारशी निराळी नाही; फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण ह्यांच्यासाठी गोडी छाटणीनंतर जे फवारे होतात, त्यांतले कित्येक कोळ्याला मारीत नाहीत, पण त्याच्या वैऱ्यांना ठेवीत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीलाही हाच जाच होतो. फळ हाताने खुडून लगेच तोंडात टाकले जाते, तेथे विषाचा विचार अधिकच गंभीर होतो. परदेशी भक्षकांची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. नेओसेयुलस लाँजिस्पायनोसस हा भक्षक कोळी आपल्या मातीतलाच असून दोन ठिपक्यांच्या कोळ्यावर तो उत्तम जगतो. घेवड्याच्या रोपांवर कोळी वाढवून त्यांच्यावर हा भक्षक वाढवता येतो. त्याचे काम आपल्या देशातील संशोधनसंस्थांत झालेले आहे. बागाईतदाराच्या दारापर्यंत तो पुरेशा संख्येने पोहोचणे, हे काम मागे पडलेले आहे.

सर्वच कोळ्यांच्या बाबतीत हा मार्ग इतका सरळ नाही, हेही सांगितले पाहिजे. नारळावरचा कोळी हे त्याचे उदाहरण. मेक्सिकोतील ग्वेरेरो प्रांतातील नमुन्यांवरून १९६५ मध्ये ह्या जातीचे वर्णन झाले. १९९८ मध्ये केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात ती आढळली, आणि पुढे कोकण व गोव्याच्या माडांवरही आली. हा चातीसारखा सूक्ष्म कोळी कोवळ्या नारळाच्या देठाकडील टोपणाखाली दडून सालीचा रस पितो. बाहेरून दिसतो तो फक्त टोपणाखालून उतरलेला फिकट त्रिकोणी डाग. तो पुढे तपकिरी होऊन तडकतो आणि नारळ खुरटतो. चाळीस फूट उंचीवर, टोपणाखाली, फवारा पोहोचणार कसा? चपट्या अंगाचा एक भक्षक कोळी तेथे शिरतो खरा, पण भक्ष्याहून तो अंगाने मोठा असल्याने फळ थोडे वाढून फट रुंदावल्यावरच त्याला आत जाता येते. तोवर इजा झालेली असते. निंबोळी तेल, लसूण आणि साबण ह्यांचे मिश्रण, तसेच कोळ्याला रोग जडवणारी हिर्सुटेला नावाची बुरशी, असे उपाय वापरले जातात. त्यांनी उपद्रव कमी होतो. नाहीसा होत नाही. येथे कोकणातल्या माणसाला पुष्कळ काळ सोसावेच लागणार आहे.

आणि वेनॅचीची घडी तरी कायमची बसली असे नव्हे. ज्या विषाला तेथील भक्षक सरावला होता, ते अझिन्फॉस-मेथिल माणसाच्या आरोग्याला घातक म्हणून अमेरिकेत टप्प्याटप्प्याने बंद होत गेले, आणि २०१३ पर्यंत बागांतून गेले. त्याच्या जागी जी नवी द्रव्ये आली, त्यांतील काही माणसाला अधिक निर्धोक होती, परंतु भक्षक कोळ्याला त्यांचा सराव नव्हता. काही बागांत पाने पुन्हा तांबूस पडली. सुदैवाने कॉडलिंग पतंगाचा बंदोबस्त करण्याचा एक निर्विष मार्ग १९९० नंतरच्या दशकातच हाती आला होता. मादीच्या गंधासारखे द्रव्य भरलेल्या नळ्या फांद्याफांद्यांना अडकवतात. सारी बाग त्या गंधाने भरली की नराला मादी सापडत नाही. पतंगासाठी फवारा जितका कमी, तितका कोळ्याचा पहारा शाबूत.

ह्या साऱ्या पद्धतीत खरी कसोटी लागते ती जुलैतल्या आठदहा दिवसांत. पाने फिकट पडू लागलेली असतात, शेजारच्या बागेत फवारणीचे यंत्र घरघरत असते, आणि आपण काहीच करीत नाही ही टोचणी मनाला बसू देत नाही. अशा वेळी मोजणी कामी येते. मोठ्या बागांसाठी एक छोटे यंत्र असते: दोन फिरत्या कुंचल्यांमधून पान सरकवले की त्यावरचे सगळे जीव खालच्या काचेवर पडतात, आणि भिंगाखाली ती काच ठेवून दोन्ही जाती वेगवेगळ्या मोजता येतात. ज्याच्यापाशी यंत्र नाही त्याला दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग पुरते. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून, एकेका झाडाची दोनचार अशी पाने घ्यावीत, नुसती रस्त्याकडची घेऊ नयेत. दहा रसपित्या कोळ्यांमागे एक भक्षक धावताना दिसला, तर पारडे फिरण्याच्या बेतात आहे असे समजून बऱ्याच ठिकाणी फवारा थांबवतात. मग आकडा वहीत लिहायचा, यंत्राची टाकी रिकामीच ठेवायची, आणि आठवड्याने त्याच ओळींतली पाने पुन्हा खुडायची.